नवरा की देश, हा प्रश्न कुणाचा?

प्रति,
श्री. ल्यूक बेसाँ,
चित्रपट दिग्दर्शक, पॅरिस



२० मार्च २०२४ रोजी रंगूनमध्ये, युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरच्या ५४ क्रमांकाच्या बंगल्याच्या फाटकाशी, कोर्टाच्या हुकुमाने लिलाव पुकारला गेला. बोली ३१,५०० कोटी क्यातपासून सुरू व्हायची होती. एकही गिऱ्हाईक आलं नाही. पुढे पुन्हा लिलाव पुकारले, तेव्हाही कुणी फिरकलं नाही. ही बातमी वाचली आणि मला आधी तुम्ही आठवलात, कारण हे घर तुम्ही एकदा बांधलेलं आहे. उपग्रहावरून टिपलेली चित्रं आणि जुनी छायाचित्रं जुळवून थायलंडमध्ये तुम्ही ते हुबेहूब उभं केलंत आणि त्यात मिशेल योला त्या घरात राहिलेल्या, ब्रह्मदेशाच्या लोकशाही नेत्या आँग सान सू ची म्हणून वावरायला लावलंत. 'द लेडी' हा तुमचा चित्रपट पाहिलेल्या माणसाला त्या घराचा जिना, व्हरांडा, तळ्याकडची बाजू ओळखीची वाटते. खरं घर मात्र आम्हा बाहेरच्यांना फाटकापर्यंतच ठाऊक आहे.

हे पत्र मराठीत आहे. ते तुम्हाला कुणी वाचून दाखवील अशी आशा मी धरलेली नाही. पण खुल्या पत्रावर पत्ता एकाचा असतो आणि वाचणारे दुसरेच असतात, हे तुमच्याच देशात एमिल झोलांनी १८९८ साली दाखवून दिलं आहे. तेव्हा लिहिते.

आधी श्रेय. हा विषय मिशेल यो तुमच्याकडे घेऊन आल्या. त्या ब्रह्मी भाषा शिकल्या आणि श्वेडगॉन पॅगोड्यासमोरचं २६ ऑगस्ट १९८८ चं भाषण त्यांनी त्याच भाषेत केलं. चित्रपट लोकांपुढे यायच्या आधीच, जून २०११ मध्ये, रंगूनला उतरल्या उतरल्या त्यांची परत पाठवणी झाली. इतक्या तयारीने चरित्रपट करणारी माणसं थोडी. आमच्याकडे पगडी आणि मिशी जमली की निम्मं चरित्र झालं, असं मानायची पद्धत आहे. दानुब्यू गावात ५ एप्रिल १९८९ ला रोखलेल्या बंदुकांसमोरून सू ची चालत गेली, तो प्रसंगही तुम्ही आरडाओरडा न करता घेतलात. 'निकिता' आणि जोन ऑफ आर्क करणाऱ्या दिग्दर्शकाकडून एवढा संयम मला अपेक्षित नव्हता.

पण चित्रपट डोक्यात राहतो तो डेव्हिड थ्यूलिसमुळे, म्हणजे सू चीच्या नवऱ्यामुळे. आम्हा मराठी वाचकांना 'कार्यकर्त्याची बायको' तोंडपाठ आहे. तो दौऱ्यावर, ती रॉकेलच्या रांगेत. तो तुरुंगात, ती शिवणाच्या मशीनवर. आणि घरी येणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला चहा ठरलेला. तिच्यावर आम्ही लिहिलं, तिनेही स्वतःवर लिहिलं, तेही बहुधा नवऱ्याच्या पश्चात. तुम्ही तिच्या जागी ऑक्सफर्डचा एक उंच, अवघडलेला, तिबेट आणि भूतानच्या अभ्यासात बुडालेला प्राध्यापक उभा केलात. मायकल ॲरिस मुलांना वाढवतो, मध्येच तुटणाऱ्या फोनवर बोलतो, बायकोचं म्हणणं जगासमोर मांडत राहतो, नोबेलसाठी दारं ठोठावतो आणि १९९१ साली ओस्लोत मुलं आईच्या वतीने पारितोषिक घेतात तेव्हा प्रेक्षकांत बसतो. आंदोलनामागचं हे घरकाम पडद्यावर फारसं दिसत नाही. पुरुष ते करताना तर नाहीच दिसत.

माझी तक्रार वेगळी आहे. चित्रपटाचा सगळा ताण तुम्ही एका प्रश्नावर तोललात: नवरा की देश? सुरुवातीलाच मायकलला कर्करोगाचं निदान ऐकवलं जातं आणि तिथून पुढे प्रत्येक सभा, प्रत्येक अटक, प्रत्येक फोन त्या प्रश्नाच्या एका किंवा दुसऱ्या पारड्यात पडतो. प्रेक्षक रडतो. मीही डोळे पुसले. पण चित्रपट संपल्यावर एक गोष्ट खुपत राहिली. हा प्रश्न मुळात विचारला कुणी?

त्याचं उत्तर नोंदलेलं आहे. दोघांची शेवटची भेट १९९५ च्या नाताळात झाली. पुढे मायकलला प्रोस्टेटचा कर्करोग झाला आणि त्याने रंगूनला जाण्यासाठी व्हिसा मागितला. पुन्हा पुन्हा मागितला. पोप दुसरे जॉन पॉल आणि कोफी अन्नान यांनी रदबदली केली. लष्करी राजवटीने कळवलं की अशा रुग्णाची नीट देखभाल करण्याची सोय आमच्याकडे नाही; बाई धडधाकट आहेत, तेव्हा त्यांनीच नवऱ्याकडे जावं. किती समंजस भाषा! माहेरी राहिलेल्या मुलीला नांदायला जा म्हणून सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांची. १९८९ च्या जुलैत तिला पहिल्यांदा स्थानबद्ध केलं तेव्हापासून दार उघडंच होतं, पण एकाच दिशेने: बाहेर जाता येईल, परत येता येणार नाही. मायकल २७ मार्च १९९९ ला, आपल्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी गेला.

म्हणजे हा पेच प्रेमाने घातलेला नव्हता आणि नियतीनेही नाही. व्हिसाच्या अर्जावर शिक्का न मारून तो एका सरकारी कचेरीत तयार केला गेला. बाई गेली तर चळवळ संपली, न गेली तर कसली ही बायको, कसली ही आई; दोन्हीकडून लाभ सेनाधिकाऱ्यांचाच. तुम्ही त्यांचा हा प्रश्न जसाच्या तसा उचललात आणि त्याला पियानोची साथ दिलीत. तुमचे सेनापती पडद्यावर क्रूर आहेत, ज्योतिषाच्या नादी लागलेले आहेत, थोडे हास्यास्पदही आहेत. लष्करशहा ने विनच्या नऊ आकड्याच्या वेडाची गोष्ट खोटी नाही. १९८७ साली त्याने खरोखर ४५ आणि ९० क्यातच्या नोटा काढल्या. पण त्याआधी चालू नोटा एका फटक्यात बाद करून त्याने लोकांची शिल्लक मातीमोल केली आणि विद्यार्थी रस्त्यावर येण्यामागे तो राग होता. असली माणसं नुसती वेडी नसतात. कुटुंब नावाच्या गोष्टीची नस त्यांना चांगली सापडलेली असते. त्यांचा हा हिशेबीपणा तुमच्या चित्रपटात पातळ झाला.

आता आमच्या घरातलं सांगते. ब्रह्मदेशाच्या कैदेची आणि महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. इंग्रजांनी तिथला शेवटचा राजा थिबा याला आणून रत्नागिरीत ठेवलं आणि आमच्या लोकमान्य टिळकांना १९०८ साली राजद्रोहाच्या शिक्षेवर मंडालेला नेलं. टिळक मंडालेत असताना, जून १९१२ मध्ये, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. टिळकांना तारेने कळलं. सुटायला आणखी दोन वर्षं होती.

आमच्या शाळेत मंडाले म्हणजे 'गीतारहस्य'. सत्यभामाबाईंचं जाणं एका वाक्यात उरकतं, आणि तेही बहुतेक वेळा टिळकांचं धैर्य सांगायला खर्ची पडतं. 'बायको की देश' असं टिळकांना कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. पुरुषाच्या बाबतीत उत्तर गृहीत असतं, म्हणून प्रश्न उठत नाही. बाईच्या बाबतीत तो उठतो आणि त्यावर सव्वादोन तासांचा चित्रपट होतो. यात तुमच्यापेक्षा आमचा दोष कमी आहे असं नाही, तो फक्त उलट्या बाजूचा आहे. सत्यभामाबाईंनी ती चार वर्षं कशी काढली, आजारपणात त्यांच्या उशाशी कोण होतं, मंडालेच्या पत्रांची वाट त्या कशा पाहत असतील, यावर आमच्या चरित्रकारांनी तुमच्या मायकलला मिळाली त्याच्या शंभराव्या हिश्शानेही जागा दिलेली नाही.

आणि सू चीपुरतं बोलायचं तर हा पेच १९८८ साली आकाशातून पडलेलाही नव्हता. मायकल भूतानमध्ये होता आणि ती न्यूयॉर्कमध्ये, तेव्हा लग्नाआधीच्या आठ महिन्यांत तिने त्याला १८७ पत्रं लिहिली. मायकलनेच हे नोंदवून ठेवलं आहे. त्या पत्रांत ती एक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती: माझ्या लोकांना माझी गरज पडली तर मला माझं कर्तव्य करायला तू मदत करशील ना? १ जानेवारी १९७२ ला लंडनमध्ये लग्न झालं ते ही अट दोघांनी बोलून, मान्य करून. ३१ मार्च १९८८ ला ऑक्सफर्डच्या घरी आईच्या आजारपणाचा फोन आला, तेव्हा कराराची मुदत भरली एवढंच. म्हणून मला मायकल बिचारा वाटत नाही. त्याने शब्द दिला होता आणि अकरा वर्षं तो पाळला. तीसुद्धा पुढे मुलाखतींमधून सांगत आली की याला त्याग म्हणू नका, ही माझी निवड होती. तुमच्या चित्रपटाने मात्र तिला त्यागमूर्ती केलं आणि त्याला त्या मूर्तीपुढचा नैवेद्य. ठरवून, डोळे उघडे ठेवून एक अवघड संसार करणारी दोन बरोबरीची माणसं मला जास्त आवडली असती.

राजवटीला हे लग्न आपल्याहून नीट कळलं होतं. सरकारी वर्तमानपत्रांत तिचा उल्लेख 'मिसेस ॲरिस' असा होई. जनरल आँग सानची मुलगी ही ओळख पुसायची आणि गोऱ्याची बायको ही चिकटवायची. मायकल गेल्यावर हा उद्योग थांबला असेल असं वाटेल. थांबला नाही, तो राज्यघटनेत गेला. मे २००८ च्या सुरुवातीला नर्गिस वादळाने इरावतीच्या मुखाकडचा प्रदेश झोडपला, लाखाहून अधिक माणसं मेली. प्रेतं पाण्यातून काढायची बाकी असताना १० मे रोजी लष्कराने बहुतेक देशभर नव्या घटनेवर सार्वमत उरकून घेतलं. तिच्यातल्या कलम ५९ (एफ) नुसार ज्याचा जोडीदार किंवा मुलं परदेशी नागरिक आहेत, अशी व्यक्ती राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही. नवरा मरून नऊ वर्षं झाली होती, पण अलेक्झांडर आणि किम ही दोन्ही मुलं ब्रिटिश नागरिक होती. एका लग्नाला धरून देशाचा मूलभूत कायदा लिहिला गेला. पटकथाकाराला यापेक्षा आणखी काय हवं असतं, सांगा.

त्या कलमामुळेच २०१५ ची निवडणूक दणदणीत जिंकूनही ती राष्ट्राध्यक्ष झाली नाही. तिच्यासाठी 'स्टेट कौन्सेलर' नावाचं नवं पद काढावं लागलं. या युक्तीमागे डोकं होतं ते तिच्या पक्षाचे कायदा सल्लागार को नी यांचं. ते मुसलमान होते. २९ जानेवारी २०१७ ला रंगूनच्या विमानतळाबाहेर, नातू कडेवर असताना, त्यांना गोळी घालून मारण्यात आलं. तुमचा चित्रपट त्याच्या कितीतरी आधी संपतो, त्यामुळे हे त्यात नाही म्हणून मी भांडणार नाही. पण लग्न हे सत्तेचं हत्यार झालं होतं ही गोष्ट २०११ सालीही उघड होती. घटना छापून तीन वर्षं होत आली होती.

तुमच्या चित्रपटाच्या शेवटाकडे २००७ सालचा भिक्खूंचा मोर्चा तिच्या फाटकाशी येतो. तो प्रसंग देखणा आहे. त्या आंदोलनाची ठिणगी ऑगस्टमध्ये पडली होती, इंधनाचे दर एका रात्रीत वाढले तेव्हा. पहिले मोर्चे काढणाऱ्यांत को जिमी नावाने ओळखला जाणारा कार्यकर्ता होता. त्याची बायको नीलार थेन. दोघंही १९८८ च्या विद्यार्थी चळवळीतली, दोघांनीही तुरुंगात वर्षं काढलेली, आणि सुटून आल्यावर लग्न केलेलं. जिमीला लगेच पकडलं. मुलगी काही महिन्यांची होती. नीलार थेनने तिला आजी-आजोबांकडे ठेवलं आणि ती भूमिगत झाली, कारण लपलेल्या घरात तान्हं मूल रडलं की पत्ता लागतो. वर्षभराने तीही सापडली. दोघांना ६५-६५ वर्षांची शिक्षा झाली. २०१२ च्या जानेवारीत दोघं सुटली. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतल्यावर जिमी पुन्हा भूमिगत झाला, पुन्हा पकडला गेला आणि जुलै २०२२ मध्ये त्याला फाशी दिली गेली. बरोबर आणखी तिघं होते, त्यांत सू चीच्या पक्षाचा माजी खासदार आणि हिप-हॉप गायक फ्यो झेया थॉ. त्या देशातली ही तीन दशकांहून अधिक काळातली पहिली फाशी. घरच्यांना मृतदेहसुद्धा दिले नाहीत.

या संसारात ऑक्सफर्ड नाही, नोबेल नाही, पोपची रदबदली नाही. 'नवरा की देश' असं नीलार थेनला विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही. दोन्ही काढून घेतले. तिच्यावर चित्रपट झाला नाही हा तुमचा गुन्हा नव्हे. पण तुम्ही एका घराभोवती कॅमेरा इतका जवळ नेलात की बाकीची घरं गर्दीत जमा झाली. सू चीबरोबर पक्ष उभा करणारे पत्रकार विन टिन एकोणीस वर्षं तुरुंगात होते. एकटी बाई आणि समोर सैन्य, हे चित्र पडद्याला शोभतं. चळवळ अशी नसते, हे तिथल्या कुणीही सांगितलं असतं.

आता सर्वांत नावडता भाग. ऑगस्ट २०१७ पासून लष्कराच्या हल्ल्यांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. डिसेंबर २०१९ मध्ये सू ची हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात स्वतः उभी राहिली आणि या अत्याचारांबद्दल खटला भरणाऱ्या गांबियाने मांडलेलं चित्र अपुरं व दिशाभूल करणारं आहे असं म्हणाली. ज्या लष्कराने तिला मरणाऱ्या नवऱ्याला भेटू दिलं नाही, त्याच्या वागण्याचा बचाव ती करत होती. ॲम्नेस्टीने दिलेला सन्मान त्याआधीच काढून घेतला होता, ऑक्सफर्ड शहरानेही. जगभर लोक म्हणाले, ही ती नव्हेच.

मला वाटतं ती तीच होती. तिला पाहण्याची आपली रीत कच्ची होती. घरच्या दुःखाच्या मापाने राजकारण मोजायची सवय लागली की बाईने काय सोसलं एवढंच विचारलं जातं. तिला सत्ता कशासाठी हवी आहे, देशाचे नागरिक ती कुणाकुणाला धरते, सैन्याविषयी तिच्या मनात नेमकं काय आहे, हे विचारायचं राहून जातं. ज्या सैन्याने तिला कोंडलं ते तिच्या बापाने उभं केलेलं होतं आणि त्याविषयीचा तिचा ओलावा तिने कधी लपवला नाही. तुमच्या चित्रपटाची सुरुवातच त्या बापाच्या मांडीवरून होते, तो १९४७ साली मारला जातो, आणि तो धागा तिथेच सुटतो. ती गावोगाव फिरताना दिसते. काय बोलते ते फार थोडं ऐकू येतं. पंधराएक वर्षांच्या स्थानबद्धतेने तिचं धैर्य सिद्ध होतं, तिची धोरणं नव्हेत. ही गल्लत तुमची एकट्याची नाही. पारितोषिकं देणाऱ्यांनी ती केली, आम्ही अग्रलेख वाचणाऱ्यांनीही केली. चित्रपटाने फक्त तिला सुंदर प्रकाश दिला.

२०२१ च्या सत्तापालटानंतर तिला वेगवेगळ्या खटल्यांत मिळून ३३ वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. २०२३ मध्ये ती २७ वर आणली. बेकायदा वॉकी-टॉकी आणल्याचाही त्यांत एक आरोप होता. बाहेर तिच्यासाठी आवाज उठवण्याचं काम धाकटा मुलगा किम करू लागला. बापाचं फॅक्सचं यंत्र जाऊन आता कॅमेरा आला, एवढाच फरक. ती चुकली असं मानणाऱ्यांनीही या खटल्यांना न्याय म्हणू नये, असं माझं मत आहे.

तेव्हा तुमच्याकडे, किंवा तुमच्यासारख्या दुसऱ्या कुणाकडे, कधीतरी उत्तरार्धाची पटकथा येणारच. त्यात हेगचा प्रसंग असेल आणि दिग्दर्शकाला वाटेल की कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आणि केसांतल्या फुलांवर ठेवावा. कृपा करून तो फिरवा. गांबियाच्या बाजूने आलेले रोहिंग्या निर्वासितही त्या सभागृहात होते. त्यांनाही नवरे होते, बायका होत्या, घरं होती. नीलार थेनला दोन मिनिटांचा प्रसंग नको, निदान अर्धा तास द्या. आणि कलम ५९ (एफ) एखाद्या कारकुनाच्या तोंडून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून घ्या. मिनिटभरही लागणार नाही. तेवढ्या वेळापुरती तुमचे संगीतकार एरिक सेरा यांच्या वाद्यवृंदाला सुट्टी द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपली,
एक मराठी प्रेक्षक